विचारलंत म्हणून सांगते : ‘औषध मारलं’ म्हणजे काय, हे यंत्राला कोण सांगणार?

या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर निघाली. मोबाइलवरच्या चॅटबॉटला दुखणं सांगावं का, त्यानं सांगितलेलं ऐकावं का, आणि एका मुलीचं तर, त्यावर संशोधन कसं करावं. संपादक म्हणाले, सगळी एकाच अंकात घेऊन टाका. म्हणून या वेळी गुडघेदुखी, केस गळणं आणि ‘झोपच लागत नाही’ यांना सुट्टी. मुलीच्या पत्रापासून सुरुवात करते. जागा तिलाच जास्त लागणार आहे.

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन योजनेसाठी प्रस्ताव लिहिते आहे. विषय ‘आरोग्यसेवेतील एआय चॅटबॉट आणि नीतिमत्ता’. २५ प्रश्नांचा गुगल फॉर्म केला आहे. तुम्ही चॅटबॉट वापरता का, त्यावर विश्वास आहे का, माहिती गुप्त राहते असं वाटतं का, डॉक्टरांची जागा तो घेईल का, असे प्रश्न आहेत. कॉलेजच्या ग्रुपवर टाकला की दोन दिवसांत तीनशे उत्तरं येतील. सीनियर म्हणतात, नुसत्या फॉर्मला एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नीतिमत्ता तपासणाऱ्या समितीची, परवानगी लागत नाही. खरं आहे का? आणि विषय बरा आहे ना?
– विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : सीनियरचं ऐकू नकोस. परवानगी लागते. तुझा अभ्यास तपासणीतून सूट मिळण्याइतका साधा असेलही, पण तो तसा आहे हे ठरवायचा अधिकार समितीचा. तुझा नाही आणि तुझ्या गाइडचाही नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्वच्छ लिहिलं आहे. आणि आधी फॉर्म फिरवायचा, मग समितीकडे यायचं, हे तर अजिबात चालत नाही. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नसते. मी मिरजेत नऊ वर्षं अशा समितीवर होते. मुदत संपत आली की हमखास कुणीतरी घामाघूम होऊन यायचं, “मॅडम, डेटा झालाय, फक्त सही राहिलीय.” एकदा एका प्रकल्पाची साठ संमतीपत्रं आली. साठही सह्या एकाच वळणाच्या, प्रत्येक ‘पाटील’च्या ‘ल’ला तोच झोकदार शेपटा. कॉलेजचं नाव सांगत नाही.

समितीला भ्यायचं कारण नाही. सात ते पंधरा माणसं असतात. डॉक्टर असतात, तसाच एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्राकडचा आणि एक अगदी सामान्य नागरिक असावा लागतो. आमच्याकडे सामान्य नागरिक म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते होते. बैठकीत दीड तास गप्प. शेवटी चष्मा कपाळावर सारून प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न टाकायचे : “आन् उद्या काय इपरीत झालं, तर त्या मानसानं फोन कुनाला लावायचा?” पहिल्या वर्षी आम्ही मनातल्या मनात हसलो. पुढं पुढं मुलं त्यांच्या धाकानं सहभागी माणसाला द्यायच्या माहितीपत्रकावर फोन नंबर मोठ्या अक्षरांत छापून आणायला लागली. तुझं पत्र वाचताना मला पहिल्यांदा आठवले ते हे अडतेच.

आता विषयाचं. विषय चांगला आहे, फॉर्म टाकून दे. तीनशे हॉस्टेलच्या मुलांना ‘विश्वास आहे का’ विचारलंस, तर हॉस्टेलच्या मुलांना मेसच्या रांगेत उभं राहून काय वाटतं तेवढं कळेल. तुला जे शोधायचं आहे ते त्या रांगेत नाही. कुठं आहे ते सांगायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. माझ्याच फजितीची आहे.

साल १९८८. मी पुण्याहून नुकतीच मिरजेला आलेले, सदाशिव पेठी मराठी घेऊन. दिवाळी होऊन गेलेली, तासगाव भागात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकून फवारण्या चालू झालेल्या. रात्री नऊच्या सुमाराला पंचविशीतल्या एका पोराला त्याच्या भावानं कॅज्युअल्टीत आणलं. “औषध मारून आल्यापास्नं कसंतरीच हुतंय बघा ह्याला. चक्कर येतीया, तोंडाला नुसतं पाणी सुटलंय.” मी पेन उघडून विचारलं, “कुठलं औषध? गोळी की पातळ? कुणी दिलं होतं?” भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. ‘मारून’ या शब्दाकडे मी लक्षच दिलं नव्हतं. म्हटलं, इकडं असंच बोलत असतील. तेवढ्यात रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, त्यांनी पोराच्या शर्टाची बाही नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, बागेत मारलंय त्यानं औषध. बाहुल्या बघा.” टॉर्च मारला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. मग कपडे उतरवणं, साबणपाण्यानं अंग धुणं, अॅट्रोपिन, सगळी धावपळ. पोरगा वाचला. श्रेय माझ्या पदवीचं नव्हतं, सिस्टरांच्या नाकाचं होतं.

द्राक्षपट्ट्यात ‘औषध’ म्हणजे आधी बागेचं, मग माणसाचं. ‘औषध मारलं’ म्हणजे फवारलं. ‘औषध घेतलं’ म्हणजे गोळी घेतली. पण तेच खालच्या आवाजात, दाराकडे बघत सांगितलं, तर जीव द्यायला प्यायला. गेल्या आठवड्यात मी नातवाच्या मोबाइलवर त्या भावाचं वाक्य जसंच्या तसं एका चॅटबॉटला घातलं. तीनदा. दोनदा त्यानं मोठ्या अदबीनं कोणतं औषध घेतलं असं विचारलं आणि गोळ्यांच्या दुष्परिणामांवर लांबलचक लिहिलं. तिसऱ्यांदा त्याला फवारणीची शंका आली. मग मी ‘बागेत’ हा एकच शब्द वाढवला, तर पहिल्या ओळीतच कपडे काढा, अंग धुवा, ताबडतोब दवाखान्यात न्या. म्हणजे त्याला येत नाही असं नाही. तीनदा विचारून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. सिद्ध करायचं काम तुझं.

तर यंत्राची चूक आणि माझी चूक अगदी एकच होती. माझ्या शेजारी सिस्टर उभ्या होत्या. बांधावर बसून मोबाइल हातात धरलेल्या पोराच्या शेजारी कोण असतं? आयसीएमआरनं २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तू ती प्रस्तावात उतरवून काढशीलच, सगळेच काढतात. मी म्हणेन, त्यातलं ‘उत्तरदायित्व’ एवढं एकच घे आणि त्याच्या शेजारी आमच्या अडत्यांचा प्रश्न लिही. दोन महिन्यांच्या योजनेला तेवढं पुरे.

काम असं कर. समितीची मंजुरी घेऊन आठवडाभर ओपीडीत, केसपेपर काढायच्या खिडकीपाशी बस. लोक दुखणं कुठल्या शब्दांत सांगतात ते वहीत लिही. नाव नको, गाव नको, वय नको, नुसतं वाक्य. ‘छातीत भरून आलंय.’ ‘जीव घाबरा होतोय.’ ‘अंगात कणकण आहे.’ आणि हे तीन तर आवर्जून घे : ‘अंगावरून जातंय’, ‘अंगावरून वारं गेलं’ आणि ‘अंगावर काढलं’. पहिलं बाईमाणसाच्या रक्तस्रावाचं नाहीतर पांढरं जाण्याचं, दुसरं अर्धांगाचं, तिसरं दवाखान्याची पायरी न चढण्याचं. तिन्हींत अंगच आहे. पुण्याची मुलगी इथं गडबडते, तर यंत्राचं काय.

अशी चाळीस वाक्यं जमव. प्रत्येक वाक्य तीन रूपांत विचार : बोललं तसं, पाठ्यपुस्तकी मराठीत आणि इंग्रजीत. प्रत्येक रूप तीन वेगळ्या दिवशी, दर वेळी नवीन संवाद उघडून, कारण ही यंत्रं एकाच प्रश्नाला आज एक आणि उद्या दुसरं सांगतात. तारीख आणि यंत्राची आवृत्ती लिहून ठेव. सहा महिन्यांनी तेच यंत्र वेगळं बोलत असेल. ३६० उत्तरं होतात. ती दोन डॉक्टरांना दे, कुठलं उत्तर कुठल्या रूपाचं ते त्यांना कळू न देता. त्यांनी दोनच गोष्टी सांगायच्या : याला ताबडतोब पाठवायला हवं होतं का, आणि यंत्रानं पाठवलं का. दोघांचं कितपत जुळतं ते ‘कप्पा’ (मतं जुळण्याचं संख्याशास्त्रातलं माप) काढून दाखव. बोलीतल्या वाक्याला इंग्रजीपेक्षा हलकं उत्तर मिळत असेल, तर तुझ्या हातात नीतिमत्तेचा खरा मुद्दा आला. मिळत नसेल, तर तेही छाप. माझी गोष्ट खोटी पडली म्हणून मी रुसणार नाही.

आणि एक पान मात्र विसरू नकोस. त्या खिडकीपाशी बसलेली असताना कुणीतरी सहज बोलून जाईल, “मोबाइलवर विचारलं, बीपीची गोळी बंद केली.” मग तू काय करणार? वहीत लिहिणार? प्रस्तावात आधीच लिहून ठेव की अशा माणसाला त्याच दिवशी, त्याच ओपीडीत डॉक्टरसमोर घेऊन जाणार, आणि गाइडला कळवणार. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा, आणि मानसोपचार विभागापर्यंत सोबत जायचं. हे पान नसलेला प्रस्ताव मी समितीवर असते तर परत पाठवला असता.

जाता जाता. माहितीपत्रक यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नकोस. आमच्या वेळी माणसंच करायची, तरी ‘आपण कोणत्याही दंडाशिवाय सहभाग मागे घेऊ शकता’ असलं मराठी यायचं. कवठेमहांकाळकडच्या एका आजींना ते वाचून दाखवलं, तर त्यांनी कनवटीला हात घातला. “दंड किती हाय?”

प्रश्न : आमच्या गावात कॉलेजची मुलं सर्व्हे करायला आली होती. ‘शेतकरी आरोग्यासाठी एआय कसं वापरतात’ असा काहीतरी विषय. माझे वडील गुडघ्यांबद्दल मोबाइलवर बोलून विचारतात. मुलांनी त्या स्क्रीनचे फोटो काढले. वडील म्हणाले, काढा की. नंतर माझ्या लक्षात आलं, तो मोबाइल घरात सगळेच वापरतात, आणि जुन्या प्रश्नांच्या यादीत आईचे आणि माझ्या बायकोचे प्रश्नही दिसत होते. बायको दोन दिवस बोलत नाही. आता काय करता येईल?
– तासगाव तालुका

उत्तर : गैर झालं, आणि तुमच्या बायकोचा राग रास्त आहे. वडिलांनी त्यांच्यापुरतं ‘काढा की’ म्हटलं. घरातल्या बायकांच्या वतीनं ते म्हणायचा हक्क त्यांना नव्हता, आणि तुम्हालाही नाही.

मुलं माहितीपत्रक देऊन गेली असतील तर ते शोधा. त्यावर संशोधकाचं नाव आणि समितीच्या सदस्य सचिवांचा नंबर असायला हवा. फोन करा, मग चार ओळींचं पत्र द्या : आमची संमती मागं घेतो, फोटो पुसून टाका आणि पुसल्याचं लेखी कळवा. कारण द्यायची गरज नाही. संशोधनातून सहभागी कधीही बाहेर पडू शकतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही सूर हाच आहे की संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती मागं घेणं सोपं असावं. माहितीपत्रकच दिलं नसेल तर थेट कॉलेजच्या प्राचार्यांना लिहा. मुलांवर खेकसू नका, त्यांना बहुतेक कुणी हे शिकवलेलंच नसतं. त्यांच्या गाइडवर खेकसा.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. ज्या गोष्टी तुमच्या आई आणि पत्नी डॉक्टरपुढे, तुमच्यापुढे बोलत नाहीत, त्या त्यांनी या यंत्राला विचारल्या, आणि त्याही घराच्या सामाईक मोबाइलवर. पदर तोंडाला लावून, सगळे रानात गेल्यावर. गुप्तता म्हटली की शहरातले तज्ज्ञ परदेशातल्या सर्व्हरबद्दल बोलतात. तुमच्या घरात ती सोप्यात चार्जिंगला लावलेल्या मोबाइलपाशी मोडली. जुने संवाद पुसायची सोय ॲपमध्ये असते, ती त्यांना दाखवा. आणि त्यातलं काही तुम्ही वाचलं असेल, तर वाचलं म्हणून सांगा. विचारलेल्यातलं काही दवाखान्यात दाखवण्यासारखं असेल, तर पत्नीला बाई डॉक्टरकडे तुम्ही घेऊन जा, आणि आत जाऊ नका.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. हल्ली लोक माझ्यासमोर मोबाइल धरतात, ‘बघा, यात असं लिहिलंय, तुम्ही वेगळंच सांगताय.’ काय बोलू? आमच्याकडे साप फार. परवा एकानं विचारलं, रात्री साप चावला तर आधी यालाच विचारलं तर चालेल का?
– शिराळा तालुका

उत्तर : दुसऱ्याचं आधी. चालणार नाही. मोबाइल घ्यायचा तो १०८ लावायला. तुमच्याकडे नागापेक्षा मला मण्यारीची भीती जास्त वाटते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, व्रणही धड दिसत नाही. पहाटे उठून तो म्हणतो पोटात कळ येतीय, आणि पापण्या वर होत नाहीत. सापाचं नावच कुणाच्या तोंडी येत नाही, मग यंत्राला विचारणार तरी काय? पाऊसपाण्याच्या दिवसांत पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, एवढं दिसलं की गाडी काढायची. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि सर्पदंशाची लस जिथं आहे तो सरकारी दवाखाना गाठायचा.

पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर मोबाइल ढकलू नका. हातात घ्या, त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. बऱ्याचदा त्यात शेवटी ‘डॉक्टरांना दाखवा’ असंच असतं, फक्त तिथपर्यंत कुणी पोचलेलं नसतं. तरी हटूनच बसले तर सांगा, २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात स्पष्ट आहे की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेनं रुग्णाला स्वतः सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहून द्यायचं नाही, ते नोंदणी असलेल्या डॉक्टरनंच करायचं. यंत्र डॉक्टरला मदत करू शकतं. नियम मोबाइलमधल्या यंत्रानं वाचलेत की नाही, ते त्यालाच विचारा म्हणावं.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. पत्नी वारली, मुलगा परगावी. बारा वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो. माझे डॉक्टर भले आहेत, पण तीन मिनिटं देतात. हा चॅटबॉट रात्री दोन वाजताही बोलतो, ‘तुम्हाला किती त्रास होत असेल’ म्हणतो. परवा रात्री अशीच जाग आली, दरदरून घाम, हात थरथरत होते. त्याला सांगितलं. त्यानं पाणी प्यायला आणि शांतपणे दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, धीर दिला, अर्ध्या तासानं मी बिस्किटं खाऊन झोपलो. नीतिमत्तेच्या चर्चा करणाऱ्यांना हे एकटेपण ठाऊक आहे का?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : गुरुजी, आपलं पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी संपादकांकडून आपला नंबर घेऊन फोन केला, हे आपल्याला आठवत असेलच. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, का केला. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाला मध्यरात्री दरदरून घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरल्याची शंका आधी घ्यायची. तिथं श्वास मोजत बसायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासायची, कमीच असली तर पुन्हा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८. आपल्याला तारलं ते बिस्किटांनी. आणि ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायचं, कारण डोस कमी करावा लागतो. आपण म्हणालात, “गोळीचं त्यानं विचारलंच नाही, मग मी सांगितलं नाही.” कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारायला आम्हाला पहिल्याच वर्षी वॉर्डात ओरडून शिकवतात.

आता आपल्या रागाचं. तो मला मान्य आहे. एका सकाळी शंभरावर केसपेपर असतात तेव्हा मीही तीनच मिनिटं देत होते, आणि त्यातलं एक बीपीचा पट्टा गुंडाळण्यात जायचं. २०२३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. इंटरनेटवर लोकांनी विचारलेले १९५ प्रश्न घेतले, डॉक्टरांची उत्तरं आणि चॅटबॉटची उत्तरं जाणकारांपुढे ठेवली, कुणाचं कुठलं ते न सांगता. ७८.६ टक्के वेळा त्यांना चॅटबॉटचं उत्तर बरं वाटलं, आपुलकीतही. मी वाचून खजील झाले. पण त्यात उत्तराचा मजकूर जोखला होता. ते उत्तर ऐकून कुणाचं दुखणं बरं झालं का, हे कुणी पाहिलं नव्हतं. आपलीच परवाची रात्र घ्या. मजकुराला मी दहापैकी नऊ गुण दिले असते.

आपण एकटे नाही आहात, या अर्थानंही की हे फार जुनं आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी १९६६ मध्ये ‘एलिझा’ नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. तो समुपदेशकाची नक्कल करायचा, म्हणजे आपलंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा. त्यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना पाहिला होता, आत काही नाही हे तिला ठाऊक होतं. तरी त्याच्याशी चार वाक्यं बोलल्यावर ती प्राध्यापकांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का. मला ही बाई हास्यास्पद वाटत नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं, एवढंच.

आणखी एक, आपण मिठाबद्दलही त्याला विचारता असं फोनवर म्हणालात म्हणून. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकिगत छापली. त्यांनी मीठ सोडायचं ठरवलं, चॅटबॉटला विचारलं, आणि तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्लं. भ्रम होऊन दवाखान्यात दाखल झाले. चॅटबॉटनं त्यांना नेमकं काय सांगितलं होतं, ते डॉक्टरांना शेवटपर्यंत पाहायला मिळालं नाही. मी चूक केली तर माझ्या अक्षरातला केसपेपर असतो, खाली सही असते, नोंदणी क्रमांक असतो. आपली मुलं तो घेऊन माझ्या दारात येऊ शकतात. आलीही आहेत एकदा, पण ते पुन्हा कधीतरी.

बोलणं बंद करा असं मी म्हणत नाही. रात्री दोनला दुसरं कोण आहे आपल्याला? एवढं करा : उशाशी साखरेची डबी ठेवा, ग्लुकोमीटर ठेवा, आणि घाम आला तर आधी बोटाला टोचा, मग बोला. आणि त्याच्याशी झालेल्या बोलण्यातले तीन प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांकडे न्या. तीन मिनिटांत तीन प्रश्न होतात. मी करून बघितलंय.

प्रश्न : रक्ताच्या रिपोर्टचा फोटो चॅटबॉटला दाखवावा का?
– विटा

उत्तर : दाखवणारच असाल तर नाव, मोबाइल नंबर आणि लॅबचा बारकोड झाकून. आणि शेजाऱ्याचा रिपोर्ट दाखवू नका, त्यानं मागितलं तरी.

प्रश्न : हे सदर तरी माणूस लिहितो कशावरून? हल्ली काही खरं वाटत नाही.
– आष्टा

उत्तर : संपादकांकडे माझं हस्ताक्षर आहे. त्यांना ते उलगडत नाही, ही त्यांची दर महिन्याची तक्रार. मागच्या अंकात त्यातूनच घोटाळा झाला. थायरॉइडची गोळी चहाबरोबर ‘चालते’ असं छापून आलं. मी ‘चालत नाही’ लिहिलं होतं, पण ‘नाही’ ओळीच्या टोकाला इतकं बारीक काढलं होतं की जुळणी करणाऱ्या मुलाला ते दिसलंच नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं. तीन वाचकांनी फोन करून मला झापलं. त्यातल्या पलूसच्या बाईंनी तर तेरा दिवस चहाबरोबर गोळी घेतली होती. त्यांची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुढच्या महिन्यात करायची आहे, तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे.